स्त्री-मताधिकारावर प्रदर्शन: नुसती सनावळी नको, डावपेच कसे दाखवायचे?

गोदाकाठची वैशाली (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी. २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, आमचं महिला मंडळ आणि परिसरातले बचत गट मिळून स्त्रियांच्या मताधिकाराच्या इतिहासावर प्रदर्शन ठेवणार आहेत. २ बाय ३ फुटांचे आठ फलक आणि नंतर चाळीस मिनिटांचा कार्यक्रम. येणाऱ्या बायका विशीपासून सत्तरीपर्यंतच्या. काही पदवीधर, काही चौथी-पाचवीपर्यंत शिकलेल्या.

तयार मजकूर शोधला की १८९३, १९१८, १९२०, १९५० अशी सनावळी मिळते, खाली दोन-तीन फोटो. त्यातून हे कळत नाही की बायकांनी नेमकं केलं काय, कुठला मार्ग चालला, कुठला फसला आणि का. आपल्याकडचा भाग तर "राज्यघटनेने सर्वांना मताधिकार दिला" या एका ओळीत संपतो. त्याआधी इथे काहीच घडलं नव्हतं का? नाशिकचा धागा ओढूनताणून न जोडता कसा आणता येईल? आणि पाहणाऱ्या बायकांना हातात घेऊन करता येईल असं काही सुचवाल का?

अभ्यासिका_कॉलेजरोड

वैशालीताई, फलक देशवार लावू नका. प्रत्येक फलकाच्या माथ्यावर एकच प्रश्न लिहा: त्या वेळी निर्णय कुणाच्या हातात होता? डावपेच त्यावरूनच ठरले. जिथे दार चुकीचं निवडलं तिथे वर्षं वाया गेली.

न्यूझीलंड घ्या. अडत होतं ते संसदेच्या वरच्या सभागृहात, आणि विरोधकांचं पालुपद होतं की मत बायकांनाच नको आहे. केट शेपर्ड आणि तिच्या दारूबंदी संघटनेतल्या सहकारी बायकांनी याला आकड्यांनी उत्तर दिलं. १८९१ च्या निवेदनावर ९ हजारांहून जास्त सह्या, १८९२ ला सुमारे २० हजार, १८९३ ला सगळी निवेदनं मिळून सुमारे ३२ हजार. मोठ्या निवेदनाची ५४६ पानं एकाला एक चिकटवून २७० मीटरची गुंडाळी केली होती, मधे झाडूचा दांडा. जॉन हॉल या सदस्याने ती सभागृहात जमिनीवर उलगडली. वरच्या सभागृहात विधेयक २० विरुद्ध १८ असं निसटतं पार पडलं आणि १९ सप्टेंबर १८९३ ला कायदा झाला. निवडणूक होती २८ नोव्हेंबरला, म्हणजे नावनोंदणीला जेमतेम काही आठवडे. तरी सुमारे १ लाख ९ हजार बायकांची नावं यादीत चढली आणि त्यातल्या सुमारे ९० हजार जणींनी मत दिलं. सह्यांसाठी गावोगाव उभं केलेलं जाळं नोंदणीलाही कामी आलं, हे फलकावर जरूर लिहा. निवडणुकीला उभं राहण्याचा हक्क मात्र त्यांना १९१९ पर्यंत नव्हता.

ब्रिटनमध्ये गाठ वेगळी होती. १८६६ ला जॉन स्टुअर्ट मिल यांनी १४९९ सह्यांचं निवेदन संसदेत दिलं, पुढच्या वर्षी त्यांची दुरुस्ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. नंतरच्या काळात कितीतरी सदस्य अनुकूल झाले, खासगी विधेयकं पहिले टप्पे ओलांडायची, पण सरकार त्यांना कामकाजात वेळच द्यायचं नाही. म्हणजे दार सदस्यांचं नव्हतं, मंत्रिमंडळाचं होतं. इथे दोन वाटा फुटल्या. मिलिसेंट फॉसेट यांच्या संघटनेने सभा, निवेदनं, मतदारसंघनिहाय काम चालू ठेवलं आणि १९१२ पासून मजूर पक्षाच्या उमेदवारांना मदत करून सत्ताधारी लिबरल पक्षाची कोंडी केली. एमलिन पँकहर्स्ट यांच्या १९०३ साली मँचेस्टरला निघालेल्या संघटनेने मंत्र्यांच्या सभा अडवल्या, काचा फोडल्या, तुरुंग पत्करला. जुलै १९०९ मध्ये मॅरियन वॉलेस डनलॉपने तुरुंगात उपोषण केलं आणि ती सुटली. बाकीच्यांनी तोच मार्ग धरला, तेव्हा सरकारने नळीने जबरदस्तीने अन्न घालायला सुरुवात केली. त्यावर लोक खवळले, म्हणून १९१३ ला कायदा आला की प्रकृती ढासळली की सोडायचं, सुधारली की पुन्हा धरायचं. याला लोक 'मांजर-उंदीर कायदा' म्हणत.

काचा फोडण्याने विषय रोज वर्तमानपत्रात राहिला, पण जाळपोळ सुरू झाल्यावर कुंपणावरचे सदस्य दूर गेले. दोन्ही बाजू मांडा. एका संघटनेला शहाणी आणि दुसरीला माथेफिरू ठरवणारा मजकूर टाळा.

तीन चुका तुमच्या फलकांवर येऊ देऊ नका. पहिली, "१९१८ ला ब्रिटिश स्त्रियांना मत मिळालं." मिळालं ते ३० वर्षांवरच्या आणि मालमत्तेची किंवा पदवीची अट पुरी करणाऱ्यांना. पुरुषांच्या बरोबरीने २१ व्या वर्षी मत मिळायला १९२८ उजाडलं. दुसरी, "युद्धातल्या कामाचं बक्षीस." दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या मुली बहुतेक तिशीच्या आतल्या, त्याच वगळल्या गेल्या. आघाडीवरच्या सैनिकांची नावं वास्तव्याच्या अटीमुळे यादीबाहेर पडत होती, म्हणून यादीचे नियम बदलणं भाग होतं. ते दार किलकिलं झालं आणि स्त्री-संघटना तिथे आधीपासून उभ्या होत्या. तिसरी चूक फोटोची. १७ जून १९११ च्या लंडनच्या मिरवणुकीत साडी नेसलेल्या भारतीय स्त्रियांचा फोटो "भारतीय स्त्रिया मतासाठी रस्त्यावर" अशा मथळ्याने फिरतो. ती तुकडी साम्राज्याच्या विभागात होती. भारतातल्या मताधिकाराची ती मागणी नव्हती. फोटो लावा, मथळा बदला.

पंचवटी_अभिलेख

वरचं सूत्र आपल्याकडे आणखी ठळक दिसतं, कारण इथे निर्णयाची जागा दर काही वर्षांनी बदलत गेली आणि बायका तिच्या मागोमाग दारं बदलत गेल्या. चार फलक तरी यालाच द्या.

१९१७ ला भारतमंत्री माँटेग्यू सुधारणांविषयी मतं ऐकायला आले. मद्रासजवळ अड्यारला त्याच वर्षी स्थापन झालेल्या विमेन्स इंडियन असोसिएशनच्या मार्गारेट कझिन्स यांनी भेटीचा अर्ज केला तो मुळात शिक्षणासाठी. उत्तर आलं की फक्त राजकीय मागण्यांची शिष्टमंडळं भेटतील. मग अर्जात मताधिकार आला, आणि डिसेंबरमध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ भेटलं. पुढच्या वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात अनुकूल ठराव झाला. म्हणजे घरच्या पुरुषांचा पाठिंबा आधी कागदावर घेतला.

तरी मत कुणाला द्यायचं हे ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीने पडदा आणि रूढी पुढे करून 'इतक्यात नको' म्हटलं. त्याबरोबर लढाई लंडनला गेली. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन यांनी तिथे संसदेच्या संयुक्त समितीपुढे साक्ष दिली, ब्रिटिश स्त्री-संघटनांना गाठलं, सदस्यांना भेटून पत्रकं दिली. ब्रिटिश संसदेने स्वतः निर्णय घ्यायचं टाळलं आणि चेंडू प्रांतांकडे टोलवला: ज्या कायदेमंडळाला वाटेल त्याने ठराव करून स्त्रियांवरची बंदी उठवावी.

अनेकांनी याला पराभव म्हटलं. प्रत्यक्षात आता लंडनचं एक दार सोडून मद्रास, मुंबई, कलकत्ता अशी जवळची दारं मिळाली होती. १९२१ ला आधी मद्रासने आणि मग मुंबईने ठराव केला. मुंबई इलाख्यातल्या या मोहिमेत रमाबाई रानडे पुढे होत्या. त्याच बाईंनी १९२० ला पुण्यात मुलींच्या सक्तीच्या मोफत शिक्षणासाठी बायकांचा मोर्चा नेला होता. नगरपालिका पैसे नाहीत म्हणून फक्त मुलांपुरती सक्ती करायला निघाली होती. पुण्यातल्या मोठमोठ्या पुढाऱ्यांचा मुलींच्या सक्तीला विरोध होता, हेही लिहा, झाकू नका. शाळा आणि मत हे दोन लढे एकाच हातांनी लढले गेले. बंगालने १९२१ ला नकार दिला आणि १९२५ ला होकार. एका प्रांताचा ठराव दुसऱ्या प्रांतात पुरावा म्हणून वापरायचा, हीच इथली मुख्य चाल होती.

आता १९२१ चं मत कुणाला मिळालं ते बघा. मुंबई इलाख्यात ग्रामीण भागात अट होती ३२ रुपये शेतसाऱ्याची (रत्नागिरी आणि पंचमहालात १६). जमीन बहुतेक घरात पुरुषाच्या नावावर. त्यामुळे बंदी उठली तरी यादीत आल्या त्या मुख्यतः स्वतःच्या नावावर खातं असलेल्या थोड्या बायका, त्यात विधवाच जास्त. कायद्यातला अडसर काढला की हक्क मिळतोच असं नाही, हे या एका आकड्याने दाखवता येतं.

गोदाकाठची वैशाली

दोघांचेही खूप आभार. ३२ रुपये साऱ्याचं उदाहरण बायकांना लगेच भिडेल, कारण सातबाऱ्यावर नाव लावण्याचा विषय गटांत सतत निघतो. यावरूनच काही खेळ बसवता येईल का? साठ-सत्तर बायका असतील.

सिन्नरचा_मास्तर

येईल. ३० चिठ्ठ्या करा, सहा प्रकार, प्रत्येकी पाच. चिठ्ठीवर फक्त परिस्थिती लिहा, उत्तर नाही. अक्षर ठळक आणि वाक्यं दोनच, म्हणजे शेजारणीला वाचून दाखवता येतं.

प्रकार असे. निफाडच्या बागायतदाराची निरक्षर बायको, खातं नवऱ्याच्या नावावर, सारा ४० रुपये. मूलबाळ नसलेली विधवा, वाटणी झालेली, खातं तिच्या नावावर, सारा ३५. भावाच्या घरी राहणारी शाळामास्तरीण, स्वतःच्या नावावर काही नाही. भूमिहीन शेतमजूर बाई. सिन्नरची विडी कामगार, निरक्षर, नवराही मजूर. आणि १९ वर्षांची मॅट्रिक झालेली मुलगी.

तीस जणींना चिठ्ठ्या देऊन एका रांगेत उभं करा. "१९२१" पुकारा: मत असलेलीने एक पाऊल पुढे यायचं. फक्त विधवेच्या पाच चिठ्ठ्या पुढे येतात. मग "१९३७": १९३५ च्या कायद्याने लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रीला मत दिलं, आणि नवऱ्याची जुनी ३२ रुपयांची पात्रता असेल तर बायकोलाही. मास्तरीण आणि बागायतदारीण पुढे येतात, एकूण १५. "१९५२" पुकारलं की शेतमजूर आणि विडी कामगारही येतात, २५. मॅट्रिकची मुलगी तिन्ही वेळा मागेच, कारण वयाची अट २१ होती. ती १८ वर आली १९८९ ला, ६१ व्या घटनादुरुस्तीने.

दोन ठिकाणी खेळ फसतो. एक: १९३७ ला रांगेतल्या अर्ध्या जणी पुढे आलेल्या दिसतात आणि बघणारे समजतात की निम्म्या बायकांना मत होतं. तिथेच थांबून सांगा की ही फक्त प्रकारांची रांग आहे. प्रत्यक्षात ब्रिटिश हिंदुस्थानात त्या कायद्याने सुमारे ६० लाख बायका मतदार झाल्या आणि पुरुष सुमारे २ कोटी ९० लाख. मजूर बाईचा प्रकार संख्येने सगळ्यांत मोठा होता. दोन: "नवऱ्यामुळे मत" ऐकून बागायतदारिणीच्या चिठ्ठीवाल्या खूश होतात. त्यांना विचारा, मत नवऱ्याच्या साऱ्यावर उभं असेल तर ते कुणाचं? स्त्री-संघटनांचा या अटीला विरोध होता, तो इथे समजतो.

पंधरा मिनिटं पुरतात. पंचवीस घेतलीत तर चर्चेला वेळ राहत नाही.

वाचक_नाशिकरोड

मास्तर, १९३१ चा वाद वगळू नका. ऑल इंडिया विमेन्स कॉन्फरन्स (पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७, पुणे, अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई) आणि आणखी दोन संघटनांनी मिळून निवेदन दिलं: सरसकट प्रौढ मताधिकार हवा, राखीव जागा नकोत, नेमणुका नकोत. दुसरीकडे गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन यांचं म्हणणं होतं की जागा राखून ठेवल्याशिवाय बायका निवडून येणार नाहीत. सरकारने १९३५ च्या कायद्यात प्रांतांच्या विधानसभांत मिळून ४१ जागा राखल्या, त्याही धर्मनिहाय वाटून. मुंबईच्या १७५ जागांच्या विधानसभेत ६. माझ्या मते राधाबाईंचा अंदाज खरा ठरला. राखीव जागांशिवाय बायका मोठ्या संख्येने निवडून आल्या नाहीत, आणि ७३ व्या-७४ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत चित्र बदललं ते आरक्षणामुळेच. तुमच्या कार्यक्रमाला एखादी माजी सरपंच किंवा नगरसेविका असेल तर हा मुद्दा तिच्याकडूनच येऊ द्या.

पंचवटी_अभिलेख

अंदाज खरा ठरला हे मान्य, पण नकार देणाऱ्यांचं कारण तेवढंच भक्कम होतं. राखीव जागा धर्मनिहाय मतदारसंघांतून येणार होत्या आणि स्त्री-संघटनांना आपल्यात ती फूट नको होती. आजच्या पंचायत आरक्षणात स्वतंत्र धर्मनिहाय मतदारयाद्या नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या तर त्या बायकांवर अन्याय होईल.

नाशिकच्या धाग्याविषयी. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बायका मोठ्या धैर्याने उतरल्या होत्या. पण तो मंदिरप्रवेशाचा, माणुसकीच्या हक्काचा लढा. त्याला मताधिकाराचा लढा म्हणू नका. खरा दुवा दुसरा आहे. डॉ. आंबेडकरांनी १९१९ ला साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी राहिल्या तर दलित, मजूर आणि बायका तिन्ही बाहेर राहतात. मास्तरांच्या खेळातल्या शेतमजूर बाईला मत मिळालं ते या मागणीमुळे, ३२ चे १६ रुपये करून नव्हे. फलकावर काळारामचा फोटो आणि शेजारी या मागणीचा मजकूर, असं मांडा. मधे बाण काढू नका.

आणि शेवटच्या ऐतिहासिक फलकाला १९५२ ची यादी द्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना बऱ्याच बायकांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी धरायला नकार दिला. मुदत वाढवून दिली, तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश इथली. घटनेच्या ३२६ व्या कलमाने मत दिलेलं होतं, पण यादीत स्वतःचं नाव नव्हतं. सेन कठोर वागले असं काहींना वाटतं. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो, कारण पुढच्या निवडणुकीपर्यंत नाव सांगण्याचा आग्रह घरोघर पोहोचला.

अभ्यासिका_कॉलेजरोड

हातात घेण्यासारखं हवं होतं ना, तर न्यूझीलंडच्या गुंडाळीची एक-दशांश प्रत करा, म्हणजे २७ मीटर. फुलस्केप कागद उभा लावला तर साधारण ३४ सेंटीमीटर, जोडाला एक सेंटीमीटर जातो, म्हणजे ८२ ताव. बायकांनी आल्याआल्या त्यावर पूर्ण नाव लिहून सही करायची. सही येत नसेल तर अंगठा, शेजारी नाव दुसरीने लिहायचं.

चिकटवायला मैद्याची पातळ खळ, ब्रशने फक्त जोडाच्या पट्टीवर. जाड लावली तर कागदाला सुरकुत्या पडतात आणि गुंडाळी वाकडी होते. ओली असताना गुंडाळू नका, आतले थर एकमेकांना चिकटतात आणि उलगडताना फाटतात. रात्रभर वजनाखाली ठेवा. सह्यांना बॉलपेन द्या. स्केचपेनची शाई मागच्या बाजूला फुटते. दांड्याच्या पहिल्या तावाला कापडी पट्टी लावा, ताण तिथेच येतो. आणि हॉल २७ मीटरचा नसेलच, तेव्हा उलगडताना वळण कुठे घ्यायचं ते आधी ठरवा, तिथे दोघी जणी उभ्या ठेवा.

बीएलओ_सहाय्यक (सातपूर)

शेवटच्या फलकाशेजारी एक टेबल टाका, मतदार यादीचं. लग्न होऊन मालेगाव, धुळे, जळगावहून नाशिकला आलेल्या कितीतरी बायकांचं नाव माहेरच्या यादीत असतं. त्यांनी नमुना ८ भरायचा: पत्ता बदलला, आडनाव बदललं, नाव चुकलं, सगळ्याला तोच. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी. पुष्कळ जणी घाईत पुन्हा ६ भरतात, मग नाव दोन ठिकाणी लागतं आणि ते निस्तरण्यात वेळ जातो.

१८ वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तेव्हा मास्तरांच्या चिठ्ठीतल्यासारख्या मुली कार्यक्रमाला असतील तर त्यांना पुढच्या तारखेसाठी आगाऊ अर्ज करता येतो. फोटो, जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती आणायला आमंत्रणातच सांगा. आडनाव बदलायचं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा नव्या नावाचं ओळखपत्र. टेबलावर तुमच्या भागाच्या यादीची प्रत ठेवा, म्हणजे प्रत्येकीला नाव, वय आणि घर क्रमांक तिथेच तपासता येईल. आणि आठवडाभर आधी तुमच्या भागाच्या बीएलओला (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवा, त्या स्वतः बसल्या तर अर्ज जागेवरच घेता येतात.